शिट्टीची नोटीस

माझ्यावर आजवर एकदाच वकिलाची नोटीस आली, आणि ती एका माणसाची शिट्टी गेल्याबद्दल होती.

मी दात सरळ करणारी डॉक्टर. माहेर निपाणीचं. लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि बसवनगुडीत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आत मी आणि दोन खुर्च्या, बाहेर टेबलाशी अक्का. अक्का पहिल्या दिवसापासून आहेत. फोन, वेळापत्रक, रडणारी मुलं आणि मुलांपेक्षा जास्त रडणाऱ्या आया, सगळं त्या कानडीत आणि एका आवाजात सांभाळतात.

ज्यांची शिट्टी गेली ते गृहस्थ मूळ पुण्याचे. वय चोपन्न, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागाचे प्रमुख. वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली अडीच मिलिमीटरची फट होती. मुलीच्या लग्नाचं बघणं चालू होतं आणि तिनंच त्यांना तारा लावून घ्यायला पाठवलं होतं. एवढ्या लांब माझ्याकडे का आलात, असं मी विचारलं तर म्हणाले, "कसंय डॉक्टर, कुठे आणि कसं दुखतं ते मला इंग्लिशमध्ये एक्स्प्लेन करता येत नाही. दुखणं मराठीतच होतं."

सव्वा वर्ष उपचार चालले. इतका गुणी पेशंट मी पाहिला नाही. एकही वेळ चुकवली नाही, सकाळ-संध्याकाळ दात घासल्याचा तक्ता कॉम्प्युटरवर ठेवून मला मेल करायचे. तारा काढल्या, त्यांनी आरशात बघितलं, हसले. मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं, 'फट बंद. पेशंट खूश.'

बंद केलेली फट पुन्हा उघडायला बघते, म्हणून दातांच्या मागच्या बाजूनं एक बारीक तार कायमची चिकटवतात. ती त्यांना नको होती. जिभेला टोचेल म्हणाले. मग मी काढता-घालता येणारी प्लेट दिली आणि रोज लावायला सांगितलं. हे मी तोंडी सांगितलं. लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी ते न कळवता आले. खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

"डॉक्टर, माझी शिट्टी गेली."

मला आधी कुकरची शिट्टी डोळ्यासमोर आली. म्हटलं, "कुठली शिट्टी?"

त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. त्यांच्या भागातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते दर वर्षी शिट्टीवर गाणी वाजवत. बासरी नाही, काही नाही, नुसती तोंडानं शिट्टी. मी ऐकत राहिले. एक जुनं भावगीत होतं आणि ते इतक्या हळुवारपणे येत होतं की आत यायला निघालेल्या अक्का दारातच थांबल्या. मींड होती, हरकती होत्या, वरचा सूर तर असा लागला की पाठीतून काहीतरी सरसरत गेलं.

"आणि आता हे ऐका," असं म्हणून त्यांनी ओठांचा चंबू केला आणि फुंकले. 'फूऽऽ' असा नुसता वारा आला. पुन्हा फुंकले. पुन्हा वारा. कपाळावर घाम आला त्यांच्या.

"फटीतून यायची ती," ते म्हणाले. "मलाही माहीत नव्हतं."

मी त्यांना बसायला खुर्ची दाखवली. तेवढ्यात दारातल्या अक्कांनी, बहुधा मदत म्हणून, स्वतः ओठ आवळून शिट्टी घालून पाहिली. खणखणीत वाजली. खालच्या रस्त्यावरची एक रिक्षा थांबली. ते गृहस्थ अक्कांकडे एकदा बघून निघून गेले.

नोटीस तीन आठवड्यांनी आली. चार पानी इंग्रजी. त्यात त्यांच्या शिट्टीला 'विशिष्ट आणि सार्वजनिकरीत्या मान्यता पावलेली' असं म्हटलं होतं. उपचाराआधी डॉक्टरांनी या शिट्टीबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, धोक्याची कल्पना दिली नाही, लेखी संमती घेतली नाही. मागणी एकच होती, पूर्वस्थिती. माझी फट मला परत करा.

रडू आलं आणि हसूही आलं, पण रडू जास्त होतं. कारण संमती मी खरंच घेतली नव्हती. एक छापील कागद होता, त्यावर 'मी उपचारास तयार आहे' एवढंच, आणि सही. डॉक्टरांसाठी असलेल्या माझ्या विम्याच्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, इजा कुठल्या दाताला?"

"कुठल्याच नाही. दात उत्तम आहेत. शिट्टी गेली."

बराच वेळ की-बोर्डचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मॅडम, शिट्टीला कोड नाहीये. जवळचा म्हणून 'जीभ' टाकू का?"

तेव्हा नवऱ्यानं त्याच्या एका लांबच्या काकांना बोलावलं. काकांनी सारी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवलेली, निवृत्त होऊन सात वर्षं झालेली आणि त्या सात वर्षांत त्यांना तपासायला काही मिळालेलं नव्हतं. त्यांचं घराणं तीन पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत निम्मं कानडी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात हजर. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. माझी फाइल उघडून त्यांनी ती एक ओळ मोठ्यानं वाचली.

"'पेशंट खूश.' खूश कशावर, सूनबाई? किती खूश? खूश असल्याची सही कुठंय?"

"काका, असं कोण लिहून घेतं?"

"इन्मेल आपण लिहून घ्यायचं," काका म्हणाले. म्हणजे, यापुढे. "आणि हे बघ, प्लेट दिलीस, तार नको म्हणाला, हे लिहिलंस काय? नाही. रोज लाव म्हणालीस, लिहिलंस काय? नाही. त्याच्याशी बोललीस तर 'वाईट वाटलं' म्हण, 'चूक झाली' म्हणू नको. दोन्हींत स्वल्प फरक आहे, पण कोर्टात तेवढाच लागतो."

मी घाबरलेली होते. म्हटलं, काका म्हणतील तसं करू.

काकांनी आठवड्याभरात नवा अर्ज तयार केला. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, चालू औषधं. दुसऱ्यावर तारांचे नेहमीचे धोके: मुळं झिजणं, हिरड्या सुजणं, दातांवर पांढरे डाग पडणं. इथवर ठीक होतं. तिसऱ्या पानापासून काका सुटले होते. आपण शिट्टी वाजवता काय? वाजवत असल्यास ओठांनी, बोटांनी की फटीतून? आपण शंख फुंकता काय? बासरी, सनई, नादस्वर? फुगे? दातांनी बाटलीचं बूच, सुपारी, दुधाची पिशवी, यांपैकी काय उघडता? कुणाची नक्कल करता काय, आणि त्या नकलेत दातांचा वाटा किती? अर्ज अकरा पानांचा झाला. कानडी, इंग्रजी, मराठी आणि हिंदी.

"एवढं कोण वाचणार?" मी म्हटलं.

"बरोबर. म्हणून परीक्षा."

काकांचं म्हणणं असं की सही म्हणजे काही समजल्याचा पुरावा नाही. पेशंटनं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायला हवं. हे तत्त्व चांगलंच आहे, आम्हाला शिकवलंही होतं, मी करत नव्हते एवढंच. पण काकांनी त्याचा दहा मार्कांचा पेपर केला. बाहेर बाकावर पेशंट बसायचे, काका समोर खुर्ची टाकून तोंडी प्रश्न विचारायचे, अक्का मार्क लिहायच्या. सहाला पास.

आणि या शहरात परीक्षा म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. आया घरून मुलांची तयारी करून घेऊन यायला लागल्या. बाकावर मुलं पुटपुटत बसलेली, 'प्लेट नाही लावली तर दात परत सरकतात, प्लेट नाही लावली तर दात परत सरकतात.' एका मुलीला सात मिळाले तर तिची आई माझ्यापर्यंत आली, शेजारच्यांच्या मुलीला नऊ कसे, फेरतपासणी करा म्हणून. एक तरुण इंजिनिअर नापास झाला. त्यानं अकरा पानांचा सारांश फोनमधल्या कुठल्याशा ॲपकडून काढून घेतला होता आणि ॲपनं शंख वगळला होता. काकांनी त्याला पुढच्या शनिवारी पुन्हा बसायला सांगितलं. तो बसला.

मी आत खुर्चीशी उभी राहून हे सगळं ऐकत असे. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि तरी काकांना थांबवायचं धाडस होत नव्हतं. त्या दिवसांत माझं काय होऊन बसलं होतं सांगते. कुणी तोंड उघडलं की मला दात दिसायच्या आधी नोटीस दिसायची. थोडं अवघड काम असलं की मी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवायची. एकोणीस वर्षांत मी कुणाला असं परत पाठवलं नव्हतं.

मग एका मंगळवारी आमच्याच गल्लीतल्या एक आजी आल्या. वय बासष्ट. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, त्यातला एक काढून बाकीचे रांगेत आणायचे असं आमचं आधीच ठरलं होतं. दात गुरुवारी काढायचा होता. फक्त नवा अर्ज भरायचा राहिला होता. त्यांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून अक्का त्यांना कानडीत वाचून दाखवत होत्या. दार उघडं होतं.

"औषधं चालू आहेत का?"

"नाही."

"शिट्टी?"

"अय्यो, नाही."

"शंख फुंकता?"

"आधी फुंकायचे हो रोज पूजेला. आता नाही जमत. मणका दबलाय ना, जोर लावला की पाठ धरते. म्हणून तर वर्षातून एकदा जाऊन हाडं घट्ट व्हायचं सलाईन लावून येते."

माझ्या हातातलं हत्यार मी खाली ठेवलं आणि बाहेर आले. हाडं ठिसूळ झालेल्यांना जी औषधं देतात, त्यांतली काही अशी असतात की दात काढल्यावर कधीकधी जखम भरतच नाही, जबड्याचं हाड उघडं पडून आतून मरतं. फार जणांना होत नाही. पण ज्याला होतं त्याचे हाल बघवत नाहीत.

"अम्मा, औषध चालू नाही म्हणालात ना तुम्ही?"

"चालू कुठंय?" त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदाच असतं. मागच्या श्रावणात घेतलं, आता पुढच्या श्रावणात. मध्ये काही नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. प्रश्न पहिल्या पानावर होता आणि त्यांनी त्याचं खरं उत्तर दिलं होतं. मी त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन केला, दोघांनी मिळून दात न काढायचं ठरवलं. आजींना सांगितलं तर त्यांना बरंच वाटलं. दात सरळ करायचं अमेरिकेतल्या भाचीच्या डोक्यातून निघालं होतं.

त्या गेल्यावर मी काकांशेजारी बाकावर बसले. काकांनी हातातलं पेन खिशात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "शंखाचं कलम राहू दे मग."

"राहू दे," मी म्हटलं. "पण मार्क बंद करू या काका. आणि विचारायचं काम मी करते. गप्पा मारल्यासारखं."

"सरी," काका म्हणाले. म्हणजे, ठीक आहे.

त्याच संध्याकाळी मी शिट्टीवाल्या गृहस्थांना फोन केला. काका समोरच होते, हातानं नको नको करत होते. मी म्हटलं, "तुम्ही तोंडानं गाणं वाजवता हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ती माझी चूक झाली. मला फार वाईट वाटतं."

काकांनी डोळे मिटून घेतले.

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "थँक यू. ॲक्च्युअली, मी उद्या येणारच होतो. एक डेव्हलपमेंट आहे."

दुसऱ्या दिवशी आले ते एक सीलबंद डबी घेऊन. आत त्यांची प्लेट. शिट्टी गेल्यापासून चार महिन्यांत त्यांनी ती एकदाही लावली नव्हती. वकिलांनी ती पुरावा म्हणून जपायला सांगितली होती, त्यामुळे त्यांनी डबीला चिकटपट्टी लावून वर तारीख घातली होती. आणि प्लेट न लावल्यामुळे जे होणार तेच झालं होतं. मी मोजलं. फट अर्धा मिलिमीटर उघडली होती.

"काल अंघोळ करताना," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आपोआप आली. बारीक. पण आली."

त्यांनी फुंकून दाखवलं. वाऱ्याच्या आत कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी वाजवावं तसा सूर होता. आम्ही दोघं हसलो. मग त्यांचा चेहरा उतरला. मुलीचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, "मला गणपतीपर्यंत फट पाहिजे आणि लग्नात नको."

काकांच्या डोळ्यांत मी असा उजेड कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिथेच बसून संमतिपत्र लिहायला घेतलं, 'मी माझे दात स्वखुशीने आणि जाणूनबुजून बिघडवून घेत आहे.' त्या वाक्यावर गृहस्थांच्या वकिलांनी फोनवरून पाऊण तास चर्चा केली. 'बिघडवून' नको, 'पूर्वपदाकडे नेऊन' घाला म्हणाले. आणि शिट्टीची व्याख्या हवी. काकांनी विचारलं, सप्तकं किती धरायची? शेवटी व्याख्या सोडून दिली, गणपतीपर्यंत प्लेट लावायची नाही आणि नंतर नवी करून फट मिटवायची असं ठरलं, आणि नोटीस मागे घेतली गेली.

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात पहिल्यांदा दात वाकडे व्हायची वाट बघत होते. दर पंधरा दिवसांनी ते यायचे, मी मोजायची, ते तक्त्यात भरायचे. सात दशांश. आठ. एकदा काही सरकलंच नाही तर रागावले, "हा स्लिपेज आहे डॉक्टर." मी त्यांना जीभ लावून दात ढकलू नका असं चार वेळा बजावलं, आणि चारही वेळा तसं लिहून सही घेतली. एक मिलिमीटरला येऊन फट थांबली.

गणपतीत त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कार्यक्रम होता. मी, अक्का आणि काका गाडी करून गेलो. त्यांची मुलगीही हैदराबादहून आली होती. ते माइकसमोर उभे राहिले. पहिल्या ओळीत नुसताच वारा. पुढच्या रांगेतली माणसं माना खाली घालून बसली. दुसऱ्या ओळीला सूर धरला. बारीक होता, पूर्वीसारखा भरीव नव्हता, पण खरा होता. वरच्या जागेपाशी येऊन ते थांबले. तिथवर पोचता येणार नाही हे त्यांना आधीच कळलं असावं. त्या थांबण्यात मागून कुणीतरी ती ओळ गुणगुणलं, मग चार-पाच जणांनी धरली, मग सगळ्यांनी. त्यांनी उरलेलं गाणं त्यावर वाजवलं. काकांनी मला कोपरानं ढोसलं, "रेकॉर्ड कर गं. पुरावा."

सोमवारी ते मुलीला घेऊन आले, ठरल्याप्रमाणे नवी प्लेट करायला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आता फट मिटवली तर मागून कायमची तार लावावीच लागेल. दर वर्षी उघड-मीट करत राहिलं तर मुळं झिजतील, ते मी करणार नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे. मला नकोय आता."

"असं कसं? प्लॅन म्हणजे प्लॅन," ते म्हणाले.

"बाबा, मी लहानपणी त्या शिट्टीवर झोपायचे."

"फोटोंचं काय?"

"फोटो माझे आहेत."

दोघं माझ्या खुर्चीशी वीस मिनिटं भांडली. मी दोघांचं म्हणणं तारखेसकट लिहून काढलं, दीड पान झालं, वाचून दाखवलं. मग गृहस्थांनी पेन मागितलं. त्यांनी शेवटी सही केली ती 'फट राहू द्यावी' या ओळीखाली.

काका अजून शनिवारी येतात. अर्ज आता दोन पानी आहे. शंख तेवढा त्यात आहे आणि खाली एक मोकळी जागा. तिथे लिहायचं ते मी स्वतः विचारते, तुम्ही दातांनी, ओठांनी, तोंडानं दिवसभर काय काय करता? फार वेळ लागतो, दिवसाला पेशंट कमी होतात.

परवा देवळाबाहेर हार विकणारी एक बाई आली. पुढचा एक दात आत वळलेला, तो बाहेर आणायचा होता. त्याच्या शेजारच्या दाताच्या कडेला बारीक खाच दिसली. विचारल्यावर म्हणाली, फुलं गुंफताना दोरा तिथंच अडकवून तोडते, अठरा वर्षं. मी म्हटलं, ती खाचही भरून देऊ का?

"नको नको," ती म्हणाली. "दोरा कुठं धरू मग?"

मी खाच तशीच ठेवायची असं लिहिलं, तिला वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली आणि कानडीत सही केली.